आमचं ऐकलं, हीच पंचाईत

सरकारी कचेरीत आपलं कुणी ऐकत नाही, असं म्हणणाऱ्यांत मीही बरीच वर्षं होतो. म्हणूनच झाशीतल्या आमच्या मोहल्ला समितीचा हा किस्सा सांगावासा वाटतो, कारण यात आमचं ऐकलं गेलं. अर्ज केला, माणसं नेली, वर्तमानपत्रात फोटो आला आणि मागितलं ते जसंच्या तसं मिळालं. बिघडलं ते त्यानंतर. त्यात कचेरीचा दोष शोधायला गेलो, तर फार थोडा हाती लागतो.

झाशी म्हटलं की मराठी वाचकाला राणी आठवते, किल्ला आठवतो, फार तर गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधला वेढा. इथे राहणाऱ्यांना मात्र आधी आठवतं ते उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसाळ्यातले नाले. इथले मराठी लोक दोन तऱ्हेचे. एक जुन्या शहराच्या तटाच्या आतले, सुभेदार नारो शंकरांच्या आणि नेवाळकर राजांच्या काळापासूनचे. 1842 साली गणेश मंदिरात झालेल्या गंगाधरराव आणि राणीच्या लग्नाविषयी ते असे बोलतात, जणू पंगतीत स्वतः वाढत होते. दुसरे आमच्यासारखे रेल्वेवाले. झाशी विभाग 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईला; त्यामुळे भुसावळ, मनमाड, नागपूरकडून माणसं बदलून यायची आणि काही इथेच मुरायची. माझे वडील असेच भुसावळहून इथल्या वर्कशॉपमध्ये आले. मी रेल्वेच्याच हिशेब खात्यातून निवृत्त झालो. हिशेबातला माणूस, अर्ज बरा लिहितो, एवढ्याच पात्रतेवर समितीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं.

समिती जमली ती गणपतीच्या मांडवात, हे आधी सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. विसर्जनानंतर हिशेबाची बैठक होती. शिल्लक थोडी होती आणि गप्पा मोठ्या. कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, मंडळ आहेच, त्याचीच मोहल्ला समिती करू. वर्गणीचं पावतीपुस्तक समोर होतं. त्यावरून नावं उतरवली आणि यादी तयार झाली. ज्याने वर्गणी दिली तो मोहल्ल्याचा. असं कुणी बोललं नाही, पण झालं तसंच. मराठी घरं, चार-पाच पंजाबी, वाणी, एक डॉक्टर. नाल्याच्या उतारावर जी खालची गल्ली आहे, तिथे आम्ही वर्गणी मागायला कधी गेलोच नव्हतो. गरीब माणसांना कशाला त्रास, असा त्यातला चांगुलपणा. त्या चांगुलपणापायी पन्नासेक घरं यादीतून गळली आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मोहल्ला समिती म्हटलं की मला भिवंडी आठवायची. सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी गल्लोगल्ली समित्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर 1992पासून मुंबई दंगलीत पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत 1997च्या सुमाराला पालिकेने नागरिकांना हाताशी धरून अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंटची, म्हणजे एएलएमची, व्यवस्था सुरू केली, तिच्याविषयीही वाचलेलं होतं. पहिल्याच बैठकीत या दोन्हींवर मी भाषण ठोकलं. भिवंडीत त्या समित्यांत कोण बसत होतं, हे मात्र सांगायचं सुचलं नाही: यंत्रमागावरचा कामगार, रिक्षावाला, फेरीवाला. खोपड्यांचं खरं काम तेच होतं. मी नाव घेतलं आणि काम सोडून दिलं.

दुसरा घोळ कायद्याचा. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असलेल्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली आणि उत्तर प्रदेशच्या 1959च्या नगर निगम कायद्यात तसं कलम आलं. मी ते वाचलं आणि आमची समिती म्हणजे जवळपास तीच, असा समज करून घेतला. प्रत्यक्षात कायद्यातली समिती निवडून आलेल्या पार्षदांची, म्हणजे नगरसेवकांची, असते. आम्ही गणपतीच्या मांडवातले लोक. आम्हाला अर्ज करण्याचा हक्क, तो कुठल्याही नागरिकाला असतो तेवढाच. मी लेटरहेडवर ‘संविधानातील तरतुदीनुसार’ असं छापून घेतलं होतं. एका कचेरीत बाबूने ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण बोलला काही नाही. भला माणूस.

आता कोपऱ्याविषयी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा लोखंडी कंटेनर होता. भोवती कचरा सांडलेला, गाई, डुकरं आणि पावसाळ्यात जो वास सुटायचा तो वेगळाच. वरच्या घरांत रोज सकाळी आठच्या पुढे गाणं वाजवत कचऱ्याची कूडा गाडी यायची, त्यामुळे आम्हाला कंटेनरची गरज राहिली नव्हती. आमचा तर्क सरळ होता: गाडी येते, मग कंटेनर कशाला? तेव्हाचे 2016चे घनकचऱ्याचे नियम घरोघरच्या संकलनावर भर देत होते, आणि स्वच्छ सर्वेक्षणात कचऱ्याचे उघडे अड्डे शहराचे गुण खातात. म्हणजे आम्हाला हवं होतं तेच वरच्या अधिकाऱ्यांनाही हवं होतं. अशी मागणी लवकर मंजूर होते. हे कळण्याएवढी नोकरी मी केली होती आणि त्याचाच मी फायदा घेतला.

जोर लावायचा म्हणून मी एक युक्ती केली, तिचा आज सगळ्यात जास्त पस्तावा आहे. जनसुनवाई या राज्य सरकारच्या तक्रार-पोर्टलवर एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी टाकायला लावला. निवृत्त माणसांच्या हातात फोन आणि वेळ दोन्ही असतात. तक्रारींचा पाऊस पडला. प्रत्येक तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत आख्या, म्हणजे अहवाल, लावावी लागते. ती लिहायची जबाबदारी घरंगळत खाली येते आणि सगळ्यात खाली असतो सफाई नायक, म्हणजे झाडणाऱ्यांचा मुकादम. आमच्या भागाचा सफाई नायक मुलासारखा होता. गणपतीत मांडवापुढचा रस्ता न सांगता झाडून घ्यायचा. एकाच जागेच्या ढीगभर तक्रारी बघून त्याच्याकडे स्पष्टीकरण मागण्यात आलं, आणि त्याच्या हाताखालच्या कंत्राटी माणसांपैकी दोघांचे काही दिवसांचे पैसे कापले गेले. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही खूश होतो, कारण कोपरा रोज दोनदा साफ व्हायला लागला होता.

मग आम्ही संपूर्ण समाधान दिवसाला गेलो. उत्तर प्रदेशात महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी तहसिलीत सगळ्या खात्यांचे अधिकारी एका छताखाली बसतात. माणूस टोकन घेऊन रांगेत उभा राहतो. आमच्या पुढे एक म्हातारा शेतकरी होता, बांधाच्या भांडणाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. आम्ही पंधरा-वीस जण, इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. आमचा नंबर त्याच्या आधी लागला. कसा, ते विचारू नका.

साहेबांनी अर्ज वाचला आणि शेजारी बसलेल्या इंजिनीअरने विचारलं, “वो कंटेनर हटेगा तो नीचे वाली गली कहां डालेगी?” मी ताबडतोब म्हणालो, “गाड़ी आती है, साहब.” इंजिनीअरने पुन्हा विचारलं, “नीचे भी जाती है?” मी होकाराची मान हलवली. गाडी खाली जाते की नाही हे मला ठाऊक नव्हतं. नाही म्हटलं असतं तर अर्ज चौकशीला गेला असता. मला तो त्याच दिवशी मार्गी लागायला हवा होता.

कंटेनर हलला. जागेवर चुना टाकला, कुंड्या ठेवल्या, भिंतीवर किल्ल्याचं चित्र काढलं. एका हिंदी दैनिकात ‘मोहल्ला समिति की पहल रंग लाई’ अशी चौकट आली. फोटोत मी मधोमध आहे. कात्रण मी लॅमिनेट करून घेतलं होतं.

गाडी खालच्या गल्लीत जात नव्हती. जाऊच शकत नव्हती, गल्ली तेवढी रुंद नाही. वरच्या तोंडाशी येऊन ती गाणं वाजवायची, पण आठ वाजता खाली कोण असतं? बहुतेक पुरुष आणि निम्म्या बायका सहालाच कामाला बाहेर पडलेल्या असतात. रोजंदारीची माणसं जिथून उचलली जातात त्या लेबर चौराह्यावर उशिरा पोचलं तर दिवस गेला. त्यांच्यासाठी कोपऱ्यावरचा कंटेनर हीच एक सोय होती, जाता जाता पिशवी टाकायची. तो गेल्यावर पिशव्या नाल्यात जायला लागल्या. दुसरी जागाच नव्हती.

बुंदेलखंडची जमीन ग्रॅनाइटची. हात-दोन हात खणलं की खडक लागतो, पाणी मुरत नाही, पाऊस पडला की सगळं वरून धावतं. नालेही त्यामुळे उथळ. आमचा नाला एका जुन्या पुलियाखालून, म्हणजे छोट्या पुलाखालून, जातो आणि पुलियाची कमान इतकी बुटकी आहे, की एखादी गादी अडकली तरी पुरे. श्रावणातल्या पहिल्या मोठ्या पावसात ती तुंबली. वरच्या घरांत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. खालच्या गल्लीत रात्री अकराला पाणी उंबऱ्याच्या आत आलं.

सकाळी मी गेलो ते सचिव म्हणून, पंचनाम्याच्या थाटात, हातात वही घेऊन. एका घराच्या पायऱ्यांवर जुन्या साडीवर गहू पसरलेले होते. कोठी खालून भिजली होती. वरचे दाणे नुसते ओलसर होते, खालचा थर मात्र फुगून आला होता. घरची बाई ते हाताने वेगळे करत होती. कुठले दळता येतील, कुठले गाईला घालायचे. मी विचारलं, नुकसान किती झालं, लिहून देतो, भरपाईचा अर्ज करू. तिने वर न बघताच म्हटलं, “पैलें बो डिब्बा हटाबे की अरजी काए लिखी हती? हमसें तो कोऊ ने पूछी नईं।” आवाज चढलेला नव्हता. शेजारणीने तिला गप्प केलं, पंडितजी आहेत म्हणून. मी वही मिटली.

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही सगळे बैठकीत बसायचात तेव्हा चहा करायला खालच्या गल्लीतलीच मुलगी होती. तिला विचारलं असतंत तरी तिने सांगितलं असतं.” हे खरं होतं. गाडी खाली येत नाही, हे आमच्या स्वयंपाकघरात रोज बोललं जात होतं.

मग सुरू झाली दुरुस्ती, आणि तिच्यातही मी आधी तीच चूक केली. घाईने पुलिया रुंद करण्याचा अर्ज लिहिला आणि पालिकेला दिला. उत्तर आलं, प्रकरण या विभागाशी संबंधित नाही. मी चिडलो. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच उत्तर. शेवटी एका जुन्या लेखपालाने, म्हणजे इथल्या तलाठ्याने, नकाशा उघडून दाखवला. नाला वरून छावणीच्या अंगाने येतो, पुलिया रेल्वेच्या जमिनीवर, आणि पालिकेची हद्द सुरू होते ती पुलियाच्या खालच्या तोंडापासून. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरचा रेल्वेच्या हद्दीचा दगड मला माहीत नव्हता.

झाशीत हे असंच आहे, आणि ते आजचं नाही. 1861 साली इंग्रजांनी शहर शिंद्यांना दिलं, पण छावणी आणि सिव्हिल स्टेशन आपल्याकडे ठेवलं. 1886 साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून शहर पुन्हा घेतलं. पंचवीस वर्षं एका गावात दोन राज्यं होती. त्यातच मग रेल्वे आली आणि तिने आपली वसाहत वेगळी बांधली. राज्यं गेली, पण तुकडे राहिले. 2011च्या जनगणनेत सुद्धा झाशी तीन ओळींत मोजली आहे: नगर निगम 5,05,693, छावणी 28,343, रेल्वे वसाहत 13,602. जनगणनेत या तिन्हींची बेरीज करता येते. पाणी अडलं की कुठल्या ओळीतल्या माणसाने यायचं, हे आधी ठरवावं लागतं. पाणीपुरवठा जल संस्थानाकडे, विजेचा खांब वीज कंपनीकडे, नकाशा मंजुरी विकास प्राधिकरणाकडे, नजूल, म्हणजे सरकारी, जमिनीचे कागद कलेक्टोरेटमध्ये. बाहेरगावचा माणूस म्हणेल, डीएम साहेबांना सांगा, सगळे त्यांचंच ऐकतात. आम्हीही तेच धरून चाललो होतो. डीएम पत्र पुढे पाठवतात. पण पुढे म्हणजे कुणाकडे, हे पत्रात बरोबर लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर ते फिरून तुमच्याकडेच येतं, शेऱ्यासकट.

दुसऱ्या वेळी रीत बदलली, आणि ती माझ्या डोक्यातून निघाली नव्हती. सफाई नायकाकडे मी माफी मागायला गेलो. आधी तो अवघडला, मग हसला, आणि म्हणाला, “अंकलजी, एक बार सुबह छह बजे मेरे साथ घूम लीजिए।” फिरलो. कोण किती वाजता निघतं, कुठल्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, कचरा कुठे पडतो आणि कुठे अडतो, हे त्याला तोंडपाठ होतं. पोर्टलवर ज्याच्याविरुद्ध आम्ही तक्रारींची रास घातली होती, त्याच्याजवळच आम्हाला हवी ती सगळी माहिती होती. ज्या दोघांचे पैसे कापले गेले त्यांना मंडळाच्या शिलकीतून भरपाई द्यायचं मी सुचवलं. एकाने घेतली. दुसऱ्याने घेतली नाही आणि नंतर कधी आमच्या गल्लीत कामालाही आला नाही.

बैठक खालच्या गल्लीत घेतली, रात्री नऊला, सगळे परतल्यावर. ते आमच्यावर ओरडतील या तयारीने मी गेलो होतो, पण तिथे कुणाला तेवढा वेळ नव्हता. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: पहाटे साडेपाचला हातठेला, पुलियाच्या तोंडाला जाळी आणि नाल्याची सफाई पाऊस लागायच्या आधी. नवा कंटेनर त्यांनीही मागितला नाही, हे मला नवलाचं वाटलं. एक म्हातारी म्हणाली, तो वास आम्हालाही येत होता की.

तीन गोष्टींचे तीन अर्ज केले, एकेका कचेरीला एकेक. प्रत्येकावर हाताने काढलेला नकाशा, हद्द कुठे संपते त्या खुणेसह. पार्षद महोदयांना आधी जाऊन भेटलो. पहिल्या वेळी त्यांना आम्ही वगळलं होतं, आपल्याला राजकारण नको या थाटात. निवडून आलेल्या माणसाला वगळून लोकशाहीचं काम करायचं, हा शहाणपणा सुशिक्षितांनाच सुचतो. त्यांनी ठेल्याचं काम आठवड्याच्या आत लावून दिलं. नालेसफाई पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला झाली आणि गाळ काठावर न ठेवता उचलून नेला, कारण खालच्या गल्लीतल्या बायका तिथे उभ्या होत्या. जाळीचा अर्ज अजून चालू आहे. दोन खात्यांच्या संयुक्त पाहणीची तारीख एकदा लागली, एकदा टळली. मधल्या पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, आत गेलं नाही.

वर्गणीच्या पुस्तकावरून केलेली यादी रद्द केली. आताच्या रजिस्टरमध्ये घरवार नोंद आहे: भाडेकरू वेगळा, मालक वेगळा, बाईची सही वेगळी, आणि शेवटच्या रकान्यात ‘विचारलं नाही’ असं लिहायची सोय. तो रकाना भरलेला असेल तर अर्ज बाहेर जात नाही. आमच्यातल्या काहींना हे फार वाटतं. एक सभासद त्यावरून समिती सोडून गेले, म्हणाले, असं केलं तर वर्षाला एक अर्ज निघेल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गेल्या वर्षी दोन निघाले.

मी आता सचिव नाही. सचिव खालच्या गल्लीतली एक अंगणवाडी सहायिका आहे. अर्ज मात्र मीच लिहितो, कारण तिच्या मते माझी हिंदी कचेरीत चालते. लिहून झाल्यावर तो तिला वाचून दाखवावा लागतो आणि ती दर वेळी एखादं वाक्य खोडायला लावते. जाळीच्या अर्जात मी ‘समस्त मोहल्लावासियों की ओर से’ असं सुरुवातीला लिहिलं होतं. तिने विचारलं, समस्त म्हणजे कोण कोण? मी ते काढून त्रेचाळीस घरांचे क्रमांक लिहिले.